मनीऑर्डरीची जमीन

गणपतीच्या आधी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात बारा महिने राहणारा आता तो आणि वहिनी एवढीच माणसं. त्याची सकाळ म्हणजे इथे मिशिगनमध्ये माझी झोपायची वेळ. तो असा अवेळी फोन करतो तेव्हा बहुधा कोणीतरी गेलेलं असतं, म्हणून मी धास्तावूनच उचलला. कोणी गेलं नव्हतं.

"वहाळाकडची माझी खाचरं काढायची म्हणतोय," तो म्हणाला. "पोरीच्या नर्सिंगची फी आहे, घराचं छप्पर आहे. गिऱ्हाईक आलंय मुंबईचं. पण त्याला होय म्हणायच्या आधी म्हटलं तुला विचारावं. घेतोस काय?"

मी लगेच घेतो म्हणून बसलो. एकवीस गुंठे जमीन, शेजारची एकवीस गुंठे बाबांच्या माघारी आमच्या नावावर आहेच. मधला बांध तेवढा उडवायचा. त्या आनंदात मी त्याच रात्री संगणकावर आमचा सातबारा उघडून बसलो. हल्ली ही एक सोय झाली आहे बघा, तलाठ्याच्या मागे न लागता रात्री बारा वाजता परदेशात बसून सातबारा बघता येतो. काही लोक जुने फोटो बघतात, मी सातबारा बघतो. बाबांच्या नावाला केलेला कंस, आणि खाली वारस म्हणून आम्हा भावंडांची नावं.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या वकील मित्राला फोन केला, तर तो म्हणाला, "तुला नाही घेता येणार."

मला वाटलं, हा गंमत करतोय. २००३ साली मी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा हाच माणूस माझं मुखत्यारपत्र घेऊन सगळीकडे फिरला होता. तेव्हा काही अडलं नव्हतं. तो म्हणाला, "फ्लॅट घे, दुकान घे, पैसे असतील तर दहा घे. पण शेतजमीन, चहा-कॉफीचे मळे आणि फार्महाऊस, या तीन गोष्टी परदेशात राहणाऱ्या भारतीयाला विकत घेता येत नाहीत. भेट म्हणूनही घेता येत नाहीत. वारसाने मात्र मिळू शकते."

हे मी दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी मरेपर्यंत थांब."

मी म्हटलं, अरे, पैसे असेच घे आणि जमीन राहू दे. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. उसने घेतले तर फेडायचे कशाने, आणि फुकट घ्यायला त्याला अजून वेळ आली नाही, असा एकंदर अर्थ.

मला राग आला हे कबूल करतो. ज्या जमिनीच्या चिखलात मी सुट्टीत लावणीला उतरलो, ती मला विकत घेता येत नाही आणि मुंबईहून गाडी घेऊन आलेल्या माणसाला येते! रागाच्या भरात मी वाचायला लागलो. दोनतीन महिने हाच उद्योग चालू आहे. वाचता वाचता राग थोडा कमी झाला, पण त्याच्या जागी आलं ते काही फार बरं नाही. म्हणून हे लिहितोय.

आमची जमीन मुळात आमची नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुतेक गावांसारखं आमचं गाव खोती. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा. अर्धेल जमीन असेल तर अर्धा, तिर्धेल असेल तर तिसरा हिस्सा. शिवाय वेठ. खोताच्या घरी लग्न असलं की कुळांनी लाकडं फोडायची, पालखी असली की खांदा द्यायचा. १८८० साली खोती कायदा होऊन हे सगळं कागदावर पक्कं झालं. त्या व्यवस्थेला पुढे सगळ्यात मोठा धक्का दिला तो अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ साली त्यांनी जमिनी कसायच्याच नाहीत असा संप केला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. कसणाऱ्यानेच जमीन ओस ठेवायची म्हणजे घरची चूल विझवूनच संप करायचा. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मोर्चाने मुंबईत आले. तेव्हा ते विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

पण खोत गेला म्हणून कूळ मालक झालं नाही. त्यासाठी १९४८ चा कुळकायदा आणि त्याची १९५६ ची दुरुस्ती यावी लागली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन प्रत्यक्ष कसणारं कूळ कायद्याने तिचा मालक झाल्याचं मानलं गेलं. 'मानलं गेलं' हे महत्त्वाचं, कारण जमीन फुकट नव्हती. कलम ३२ ग खाली सुनावणी होऊन किंमत ठरायची, कुळाने ती एकदम किंवा हप्त्यांनी भरायची, आणि पूर्ण भरल्यावर ३२ म चा दाखला मिळायचा. आमच्या घरी तो दाखला अजून आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, देवांच्या मागे. त्यावर नाव आहे माझ्या आजोबांचं.

आता हप्ते कुठून आले ते सांगतो. भाताच्या एक एकर खाचरांतून घरातल्या नऊ माणसांना मार्गशीर्षापर्यंत पुरेल इतकं भात व्हायचं. त्यातून हप्ता निघणं शक्यच नव्हतं. आजोबांना एक धाकटा भाऊ होता. आम्ही त्यांना धाकले आजोबा म्हणायचो. ते लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. आधी काही वर्षं बदली, मग कायम. गावकीच्या खोलीत पथारी, खाणावळीत जेवण. पाळी संपली की ज्या वळकटीवरून दुसरा उठायचा त्याच जागी हे आडवे व्हायचे. लग्न केलं नाही. दर महिन्याला मनीऑर्डर. कोकण मनीऑर्डरीवर जगतं असं आपण सगळेच सवयीने म्हणतो, पण ती मनीऑर्डर पुढे कुठे जायची हे आपण फारसं विचारत नाही. मला वाटायचं, मीठमिरची, कापडचोपड आणि गणपती. आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावतीखालचे, निरोप लिहायचे ते चतकोर तुकडे दोऱ्यात ओवून ठेवले आहेत. बाबा असताना मी ते एकदा वाचून काढले होते. खुशाली, पाऊस, म्हशीची चौकशी. आणि वर्षातून एकदा, मोठ्या रकमेच्या मनीऑर्डरीवर, 'हप्त्याचे आहेत, खर्चू नये.'

म्हणजे आमची जमीन गिरणीच्या पगारातून घेतली गेली. लांब राहून गावी जमीन घेणारा आमच्या घरातला पहिला माणूस मी नव्हे. तो धाकले आजोबा. आणि त्यांचं नाव कुठेही नाही. सातबाऱ्यावर नाही, ३२ म च्या दाखल्यावर नाही. असणारच नाही, कारण कायदा कसेल त्याची जमीन असं म्हणत होता आणि ते कसत नव्हते. ते लालबागला साच्यासमोर उभे होते. यात कोणी कोणाला फसवलं नाही. आजोबांनी त्यांचा पैसा खाल्ला असं घरात कधी कोणी म्हटलं नाही. म्हातारपणी ते गावीच येऊन राहिले, पडवीत त्यांची खाट होती, ताटात पहिली भाकरी त्यांना. पण कागद काढून बघितला तर त्या घरात ते पाहुणे होते.

याच कुळकायद्यात एक कलम ६३ आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, ते हे कलम. पैसेवाल्या बाहेरच्याने येऊन कसणाऱ्याची जमीन उचलू नये हा हेतू. मला तो आजही योग्य वाटतो, जरी आपल्याकडे कुठल्यातरी लांबच्या तालुक्यात चार गुंठे दाखवून रातोरात शेतकरी झालेली मंडळी भरपूर असली तरी. दादाचं मुंबईचं गिऱ्हाईकही असंच एक शेतकरी आहे. त्यांच्याकडे दाखला आहे. पूर्वी कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायला वरून परवानगी काढावी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, मालकीला दहा वर्षं उलटून गेली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला की पुरे. कोकणातल्या खाचरांचा आकार किती असतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना हसू येईल. इतक्या स्वस्तात हे कुलूप उघडतं.

गंमत अशी की हे पहिलं कुलूप मला लागूच नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, म्हणजे १९४८ च्या कायद्यापुढे मी शेतकरी म्हणून उभा राहू शकतो, जरी तीस वर्षांत विळा हातात धरला नसला तरी. मला अडवतं ते दुसरं कुलूप, आणि त्याचा इतिहास अगदी वेगळा आहे. त्याचा जमिनीशी संबंध नाही, डॉलरशी आहे.

१९७३ साली 'फेरा' आला, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा. १ जानेवारी १९७४ पासून तो लागू झाला. देशात परकीय चलनाची चणचण होती आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पैशाकडे सरकार संशयाने बघत होतं. त्याच्या ३१ व्या कलमाने परदेशी नागरिकाला भारतात स्थावर घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागायची. मूळ भारतीय असला तरी नागरिकत्व बदललं की तो परदेशीच. इथे आमच्या महाराष्ट्र मंडळात साठच्या दशकाच्या शेवटी आलेले एक डॉक्टर होते. त्यांनी वीस वर्षं अमेरिकन नागरिकत्व घेतलं नाही, आणि कारण विचारलं की म्हणायचे, "दादरची जागा." आम्ही नवे आलेले त्यांना हसायचो. आता कळतं की ते कायदा वाचून बोलत होते. नव्वदीच्या दशकात राहत्या घरापुरती ही अट सैल झाली, कारण १९९१ साली सोनं गहाण टाकायची पाळी आल्यावर बाहेरचा भारतीय एकदम हवाहवासा झाला. १ जून २००० पासून 'फेरा' जाऊन 'फेमा' आला. नियमनाचं व्यवस्थापन झालं, गुन्हेगारी स्वरूपाच्या तरतुदी जाऊन दंड आला, आणि परदेशातल्या भारतीयांना घरं आणि दुकानं घेण्याची मोकळीक मिळाली. फक्त शेतजमीन, मळे, फार्महाऊस सोडून. आणि यात एक बारीक फरक झाला. जुन्या कायद्यात प्रश्न होता तुमचं नागरिकत्व कुठलं. नव्यात प्रश्न आहे तुम्ही राहता कुठे. निळा भारतीय पासपोर्ट खिशात असलेला दुबईचा सुतार आणि नागरिकत्व बदललेला मी, शेताच्या बांधावर दोघेही सारखेच बाहेरचे. २००५ नंतर ओसीआय कार्ड आलं तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले होते. त्याच्या नियमांतही शेती आणि मळे वगळल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं. पेढे खाताना कोणी वाचलं नाही.

त्या मोकळिकीत आम्ही काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बिल्डर लोक इथल्या हॉटेलांत प्रदर्शनं भरवायचे. गुळगुळीत कागदावर बाणेर, वाकड, हिंजवडी. सोबत वडापाव. मीही त्यातलाच. ताबा ठरल्यापेक्षा तीन वर्षं उशिरा मिळाला, आणि त्या तीन वर्षांत त्या बिल्डरच्या ऑफिसातला एक मुलगा मला दर वेळी "सर, लिफ्टचंच राहिलंय" म्हणून सांगायचा. महाराष्ट्रात फ्लॅटवाल्यांच्या संरक्षणाचा कायदा १९६३ पासून आहे, महारेरा २०१७ पासून. मी दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात पडलो. आता तो फ्लॅट वर्षातले अकरा महिने बंद असतो. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

वाचताना एक गोष्ट मात्र अशी सापडली की ती डोक्यातून जात नाही. १९०० साली पंजाबात ब्रिटिशांनी जमीन हस्तांतरणाचा कायदा केला. सावकारांच्या हाती जमिनी जातात म्हणून शेतकरी जमातींची यादी केली आणि त्या यादीबाहेरच्याला त्यांची जमीन घेणं जवळजवळ अशक्य करून टाकलं. आपल्या कलम ६३ चा पूर्वजच म्हणा. त्याच सुमारास जालंधर-होशियारपूरकडचे शेतकऱ्यांचे मुलगे कॅलिफोर्नियात शेतमजुरीला यायला लागले. राबून पैसे साठवले, खंडाने जमिनी करायला लागले. पण १९१३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्या परकीयाला अमेरिकन नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन विकत घेता येणार नाही. रोख मुख्यतः जपानी लोकांवर होता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस नागरिकत्वाच्या कायद्यातला 'गोरा' नव्हे. झालं, हे लोकही त्या जाळ्यात आले. कोणी आपल्या इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमीन घेतली, कोणी विश्वासातल्या गोऱ्या शेजाऱ्याच्या. नागरिकत्वाचं दार उघडलं ते १९४६ मध्ये, आणि तो जमिनीचा कायदा न्यायालयात पडला १९५२ मध्ये.

म्हणजे बघा, तो माणूस जिथे राबत होता तिथे त्याला जमीन घेता येत नव्हती. आणि जिथे तो नव्हता तिथे, गावी, तो यादीतला शेतकरी होता, म्हणून घेता येत होती. मग पैसा तिकडे गेला. माझं नेमकं उलटं. इथे मी उद्या दोनशे एकर मका घेऊ शकतो, कोणी जात विचारणार नाही. तिथली एकवीस गुंठे नाही.

हे वाचल्यावर मी दादाच्या जागी बसून विचार केला. मी ती खाचरं घेऊन काय करणार होतो? दर दोन वर्षांनी डिसेंबरात जाऊन बांधावर उभा राहणार, फोटो काढणार. लावणी दादाच करणार, नाहीतर कोणी नाही. गावातली अर्धी खाचरं आत्ताच ओस आहेत. चरीच्या लोकांनी रागाने ओस ठेवली होती, आमच्याकडे माणसं नाहीत म्हणून आहेत. 'बाहेरच्या पैशाने कसणाऱ्याची जमीन जाऊ नये' हे वाक्य मी इतके दिवस त्या मुंबईच्या गिऱ्हाइकाला लावत होतो. ते मलाही लागतं. पण मग धाकल्या आजोबांचा पैसा कुठला होता? तोही बाहेरचाच. तो नसता तर ३२ म चा दाखला झालाच नसता, आणि कसणारा कूळच राहिला असता. इथे येऊन माझं डोकं थांबतं.

शेवटी मार्ग निघाला तो ठाण्याच्या ताईकडून. ताई माझी सख्खी बहीण, शाळेतून निवृत्त झालेली. बाबांच्या माघारी सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं आहे, म्हणजे ती शेतकरी, आणि राहते भारतात. दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या तिच्याकडे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी घेते. निम्मे माझे फंडाचे आहेत. उरलेले तू दे. पण ते दिलेस म्हणजे दिलेस. नाव माझं लागेल, आणि माझ्या मागून माझ्या पोरांचं. कागदावर ताई आणि मनात दादाभाई, असलं मला चालायचं नाही. वकिलाला विचार, त्याला बेनामी म्हणतात."

मी विचारलं. वकील म्हणाला, "तुझी बहीण तुझ्यापेक्षा हुशार आहे."

पैसे पाठवले. बँकेच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'बहिणीस भेट' असं लिहिलं. त्या रकान्यात निरोपाला जागा नव्हती. खरेदीखत दिवाळीनंतर राजापूरला झालं. दादा, वहिनी आणि ताई गेले होते. पोरीची फी भरली, छपराला पत्रे आले. दादाने फोन करून सांगितलं की मुंबईचे गृहस्थ जरा नाराज झाले, पण त्यांनी कातळावर दुसरीकडे बघितली आहे. मग म्हणाला, "बांध ठेवतो रे तसाच. ताई म्हणते नको काढायला."

फेरफाराची नोटीस पंधरा दिवस लागते, कोणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. तीही आता 'आपली चावडी'वर घरबसल्या दिसते. मी रोज रात्री झोपण्यापूर्वी एकदा उघडून बघतो. आज अकरावा दिवस.